उत्तर द्यायचं नाही

लाईट येईपर्यंत वेळ आहेच, तर सांगते. पण आधी एक ध्यानात घ्या. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या घरात अंगारा नाही, धुपारा नाही, दाराला लिंबू-मिरची कधी लागली नाही. आजोबांनी छप्पन्न साली धम्म स्वीकारला तेव्हाच ते सगळं गाठोडं गावाबाहेर टाकून दिलं. भुतांचं म्हणाल तर सातवीचा वर्ग मला पुरेसा आहे. तरीही जे झालं ते झालं, आणि तेही रात्री-बेरात्री नाही, एप्रिलच्या भर दुपारी, किल्लारीतल्या आमच्या साध्या स्लॅबच्या घरात.

माझा धाकटा भाऊ धम्मानंद लांब रजेवर येणार होता. त्याला आणायला मी शरणप्पाची जीप सांगून लातूरला गेले. शरणप्पा आमचा शेजारी. गाडी आपण पुरती भाड्याने घेतली तरी वाटेत कुणी हात केला की त्याचा पाय ब्रेकवर गेलाच म्हणून समजा. त्या दिवशी त्याने एक म्हातारी आणि तिची शेळी मागे बसवली आणि वर मलाच म्हणाला, मॅडम, तुम्हाला पुण्य लागंल. आईने गंजगोलाईच्या बाजारातून टरबूज आणायला सांगितलं होतं आणि तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या. ते सगळं घेऊन स्टेशनवर पोचले, तर धम्मा आधीच बाहेर येऊन झाडाखाली बसला होता.

वाळला होता. जय भीम घातला, पाया पडला आणि "ताई, जाडी झालीस" म्हणाला. म्हटलं, चला, जीभ तरी शाबूत आहे. जीप निघाली तसा शरणप्पा सारखा मागे वळून हुंगायला लागला. शेवटी औशाच्या अलीकडे त्याने गाडी उभी केली आणि खाली वाकून टाकी तपासली. डिझेल गळत नव्हतं. वास धम्माच्या अंगाला येत होता.

तो पाणबुडीवर आहे. बारावीनंतर नेव्हीत गेला आणि पुढे स्वतःहून पाणबुडी मागितली. तिथे डिझेलचा वास माणसाच्या कातडीत मुरतो, कितीही अंघोळी करा. त्यात पाण्याखाली असताना अंघोळीला पाणीच नसतं. पहिल्यांदा त्याने हे सांगितलं तेव्हा मी त्याला चिडवलं होतं, की चहूकडे पाणी आणि बादलीत थेंब नाही, म्हणजे तू लातूरकरच राहिलास. तिथे दिवस नाही, रात्र नाही, खिडकी नाही. झोपायच्या फळ्याही पुरत नाहीत. एक जण कामावर उठला की दुसरा त्याच्याच गरम जागेवर आडवा होतो. बोट कुठे जाणार, कधी वर येणार, हे बायकोलाही सांगत नाहीत. त्याची बायको मनिषा विशाखापट्टणमला क्वार्टरमध्ये राहते आणि तो गेला की फोन उशाशी घेऊन झोपते. या रजेआधीच्या हिवाळ्यात तिला एवढंच कळवलं होतं, की बोटीवर अपघात झाला, हे सुखरूप आहेत. पोरीची परीक्षा होती म्हणून ती या वेळी आली नव्हती.

आता आईबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचे आबा साखर कारखान्यात नोकरीला होते. वस्तीतली बरीचशी घरं पत्र्याची नि कुडाची, पण आबांना हौस. त्यांनी गावातल्या मोठ्या लोकांसारखं दगडमातीचं, जाड भिंतींचं घर बांधलं. गणपती विसर्जनाच्या रात्री भूकंप झाला तेव्हा पत्रे असलेले लोक वाचले आणि आमचं पक्कं घर आमच्यावर बसलं. मी उंबऱ्याशी झोपले होते, मला लगेच ओढून काढलं. आबा, आई आणि तीनेक वर्षांचा धम्मा आत राहिले.

आईने खालून तांब्या ठोकायला सुरुवात केली. मी वर होते. मला दगड उचलवत नव्हते, म्हणून मी एक खापर घेतलं आणि ती ठोकेल तसं वरून ठोकत राहिले. माणसं यायला दुपार झाली. आई आजही सगळ्यांना सांगते, की वरून उत्तर आलं म्हणून मी जीव धरला. आबांच्या बाजूनेही थोडा वेळ ठोके येत होते, पण तिकडे उत्तर द्यायला कुणी नव्हतं. त्यामुळे आमच्या घरात एक रीत पडली आहे. कुणी हाक मारली, दार वाजवलं, नुसता खोकला, तरी ओ द्यायची. फेरीवाल्यालासुद्धा आई घरातून ओ देते आणि मग घ्यायचं काही नाही म्हणून सांगते.

आणि धम्माला पाणबुडीत घेताना म्हणे साहेबाने विचारलं होतं, बंद जागेची भीती वाटते का. हा म्हणाला, साहेब, मी तिथूनच आलोय. हा विनोद तो प्रत्येक रजेत सांगायचा. या वेळी सांगितला नाही.

या वेळी त्याने घरातलं एकही दार लावू दिलं नाही. पुढचं, मागचं, मोरीचं, सगळी दारं उघडी. झोपताना तो प्रत्येक दाराला एकेक वीट लावायचा. दोन कुत्री आणि शरणप्पाची कोंबडी घरात मुक्कामाला यायला लागली. मी बोलले, तर म्हणाला, राहू दे ताई, वारा लागतो.

तो आल्यावर थोड्याच दिवसांनी, जेवणं झाली होती, वारा पडला होता. आमच्याकडे एप्रिलची दुपार म्हणजे रस्त्यावर पाखरू नसतं. आई मधल्या खोलीत डाळ निवडत होती, मी पेपर तपासत होते, धम्मा मागच्या खोलीत पडला होता. आणि फरशीखालून आवाज आला.

जमिनीतून आवाज येणं आम्हाला नवं नाही. भूकंपानंतर अजूनही अधूनमधून गुरगुर येते, आणि आली की किल्लारीचा माणूस आधी अंगणात पळतो, विचार नंतर करतो. मीही अर्धी उठले होते. पण ही गुरगुर नव्हती. लोखंडावर लोखंड आपटावं तसा ठण्ण आवाज, थोडं थांबून पुन्हा तसाच. बाजूला ठेवलेल्या तांब्यातलं पाणी हलत होतं. आमचं हे घर नव्या गावठाणात, आधी माळ होता तिथे आहे. खाली कुणाचं घर नाही, विहीर नाही, पाइपसुद्धा नाही.

आई पळाली नाही. तिने खलबत्त्यातला बत्ता उचलला, फरशीवर वाकली आणि उत्तर दिलं. जसं आलं तसंच, ठोक्याला ठोका.

धम्मा मागच्या खोलीतून धावत आला आणि त्याने तिचं मनगट धरलं. चेहरा पार उतरलेला.

"माय, उत्तर देऊ नको."

"खाली मानूस हाय रं."

"म्हणूनच सांगून राहिलो. देऊ नको..."

मग त्याने ते सांगितलं, जे मनिषालाही सांगितलं नव्हतं. बोट खोल पाण्यात होती. मागच्या कप्प्यात एक पाइप फुटला. कुणाची चूक नव्हती, लोखंडच ते, फुटलं. तितक्या खोलीवर पाणी आत गळत नाही, घुसतं. दोन कप्प्यांच्या मध्ये जाड लोखंडी दार असतं, आणि नियम असा, की पाणी आलं की दार बंद करायचं. पलीकडे कोण आहे ते बघायचं नाही. दाराच्या सगळ्यात जवळ धम्मा होता. पलीकडे वीरण्णा होता.

वीरण्णा आमच्याच जिल्ह्यातला, उदगीरच्या पुढे कर्नाटकाला लागून त्याचं गाव. घरी कानडी बोलणारा, पण बोटीवर दोघं लातूरचे म्हणून एकमेकांना धरून असायचे. झोपायची फळी दोघांत एकच. धम्माने दार लावलं तेव्हा वीरण्णा दारापासून चार पावलांवर होता, आणि धम्मा म्हणाला, की त्याने माझ्याकडे बघून मान हलवली, लाव म्हणून.

बाकी सगळी बोट त्या दारामुळे वाचली. पण दार लागल्यावर पलीकडून पान्याचे ठोके यायला लागले. आणि तिथला दुसरा नियम असा, की उत्तर द्यायचं नाही. कारण त्या कप्प्यात वर, छताला, बाहेर निसटायची एक झडप असते. अडकलेल्या माणसाने तिकडे जायचं. अलीकडून उत्तर आलं की माणूस आशेने दाराशीच थांबतो, आता उघडतील म्हणून, आणि वेळ जातो. म्हणून सगळे जण दाराच्या अलीकडे तोंड मिटून उभे राहिले. ठोके बऱ्याच वेळाने थांबले.

"मग वर गेला का त्यो?" आईने विचारलं.

"न्हाई. बोट वर आणून दार उघडलं, तर दाराशीच बसलेला होता."

आईने बत्ता खलात ठेवला आणि म्हणाली, "मंग उत्तर दिलं असतं तर काय बिघडलं असतं रं." त्या दिवशी पुन्हा आवाज आला नाही आणि मी मनाशी ठरवून टाकलं, की उन्हाने जमीन तडकते, तिचा आवाज असेल.

दुसऱ्या दुपारी तो पुन्हा आला, आणि मधल्या खोलीतून नाही, मागच्या खोलीच्या उंबऱ्याखालून आला. त्याच्या पुढच्या दिवशी धम्माच्या खाटेखालून. आईने दिलेल्या त्या एका उत्तराने वीरण्णाला घर सापडलं होतं, असं मला आता वाटतं. तेव्हा मात्र मी भावाला लातूरला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर शहाणे होते. म्हणाले, मोठा धक्का बसलाय, आवाज ऐकू येणं साहजिक आहे, गोळ्या देतो. मी मान हलवली. मलाही ऐकू येतात, हे सांगायची हिंमत झाली नाही. शरणप्पालाही ऐकू आले होते. तो दोनदा येऊन विचारून गेला, की मॅडम, बोअरची मोटार बसवून राहिले का.

धम्माची झोप गेली. जेवण गेलं. रजा संपत आली होती आणि त्याला परत त्याच बोटीवर जायचं होतं. मी म्हटलं, सोड ती नोकरी, जमिनीवरचं काम माग. तो म्हणाला, "ताई, मी गेलो न्हाई तर माझ्या जागेवर दुसरा जाईल. दार लावायला कुणीतरी लागतंच." अशा माणसाशी काय भांडणार? पण तो त्या अवस्थेत पाण्याखाली गेला असता तर जिवंत वर आला नसता, हे मला दिसत होतं. मला माझा भाऊ हवा होता, बस. बाकी कुणाचं काहीही होवो, असंच मनात होतं.

एका दुपारी तो मोरीत जाऊन अंघोळ करून आला, इस्त्रीचा शर्ट घातला आणि मला मागच्या खोलीपाशी बोलावलं. दाराची वीट त्याने बाजूला केली होती.

"मी आत जाऊन त्याच्याशी बोलतो," तो म्हणाला. "तू बाहेरून कडी लाव. आतून घाबरून हाका मारल्या तर काढू नको. घाबरलेल्या माणसाचं ऐकायचं नसतं, तसं शिकवलंय आम्हाला. शांतपणे सांगेन, तेव्हाच काढ. आणि काही ठोकलं तर उत्तर देऊ नका."

हा सगळा खुळेपणा आहे, असं मी त्याला सांगितलं. सांगितलं आणि कडी लावली. कधीतरी त्याला बंद दारामागे बसायलाच हवं होतं, आणि बसून बाहेर आला की भीती जाईल, असं शिक्षिकेच्या डोक्याने वाटलं. आई माझ्याजवळ जमिनीवर बसली.

आधी काहीच नाही. मग खालून ठोके आले, संथ. मग धम्माचा आवाज. शब्द कळत नव्हते, पण तो कुणाला तरी समजावत होता. मध्येच थांबत होता, जसं समोरचं ऐकून घेतो तसा. डिझेलचा वास दाराच्या फटीतून इतका यायला लागला, की आईने पदर नाकाला लावला. मग एकाएकी आतून दारावर हाताचा धपाटा बसला.

"ताई... ताई, कडी काढ. पाणी येऊन राहिलं..."

आई उठली. मी तिला धरलं. दाराखालून पाण्याचा थेंब आला नव्हता, मी स्वतः वाकून बघितलं. फरशी कोरडी होती. मी म्हटलं, माय, त्यानेच सांगितलंय. घाबरून बोलावलं तर उघडायचं नाही.

"ताई, मी हाय गं... मी धम्मा..."

मी कडीवर हात ठेवून उभी राहिले आणि कडी काढली नाही. आई माझ्या दंडाला ओरबाडत होती, त्याचे वण अजून आहेत. आतले धपाटे हळूहळू खाली, दाराच्या बुडाकडे सरकत गेले आणि थांबले. कुठेतरी कोंबडी ओरडली. त्यानंतर अगदी शांत, ठीक आवाज आला.

"काढा कडी, अक्का. झालं."

सांगितल्यासारखा शांतच होता तो आवाज. मी कडी काढली. धम्मा बाहेर आला. चेहरा हलका, केस ओले. घामाने असतील. हसून म्हणाला, भूक लागली. मी रडत रडत त्याला भाकरी वाढली आणि त्याने पोटभर खाल्लं, टरबुजाची फोडही खाल्ली. ताटावरून उठताना मागच्या खोलीचं दार त्याने स्वतः लावलं, मग मोरीचं लावलं, मग पुढचं. मला इतका आनंद झाला होता, की त्याने मला अक्का म्हटलं हे माझ्या डोक्यात रात्री अंथरुणावर पडल्यावर आलं. आमच्या घरात मला अक्का कुणी म्हणत नाही. उदगीरकडे म्हणतात.

मी आडून आडून विचारून पाहिलं. आबांचं नाव, शाळेतले मास्तर, लहानपणी कुणाच्या आंब्यावरून पडला होता ते. सगळं बरोबर सांगितलं. उलट मी विसरले होते तेही सांगितलं. गोळ्या बंद केल्या. शरणप्पाच्या पोरांना घेऊन क्रिकेट खेळला. रजा संपली तसा वेळेवर बॅग भरून निघाला. जीपमध्ये शरणप्पा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, साहेबाचा वास गेला की हो. खरंच गेला होता. ज्या दुपारी तो त्या खोलीतून बाहेर आला, तेव्हापासूनच नव्हता.

आई त्याला निरोप द्यायला बाहेर आली नाही. मला वाटलं, रुसली आहे. परत आले तर ती मागच्या खोलीत फरशीला कान लावून आडवी पडली होती.

"त्यो वाजवून राहिला," ती म्हणाली.

"कोण? वीरण्णा?"

"धम्मा."

मी कान लावला. ठोके होते. पूर्वीसारखे संथ नव्हते. दोन लगेच आणि एक उशिरा, पुन्हा दोन लगेच आणि एक उशिरा. आई म्हणाली, ढिगाऱ्याखाली ती दमली की तांब्या धम्माच्या हातात द्यायची. ते पोर असंच वाजवायचं, दोन मारले की हात दुखायचा आणि तिसरा उशिरा पडायचा. हे वरून ऐकणारी मीच होते. मला सांगायची गरज नव्हती.

मी तरीही फरशी काढायला लावली. शरणप्पाने टिकाव आणला. विचारलं काहीच नाही, त्यालाही ऐकू येत होतं. खाली भराव, मग काळी माती, मग मुरूम. कमरेएवढं खणलं. सगळं कोरडं. आवाज मात्र जितकं खणावं तितका खाली जात होता. संध्याकाळी शरणप्पा घाम पुसत म्हणाला, मॅडम, ही जागा आपल्या हातची न्हाई. आम्ही माती लोटली आणि फरशी पुन्हा बसवली.

इकडे रोज फोन यायचा. "अक्का, जेवलात का? आईच्या गोळ्या संपल्या का?" आधीचा धम्मा कधी इतका फोन करत नव्हता. मी बोलायचे. काय करणार? मनिषा तर खूश होती. म्हणायची, ताई, काय जादू केलीत, रात्री शांत झोपतात आता. एकदाच जरा घुटमळून म्हणाली, की इतके शांत झोपतात, की मी नाकाशी बोट धरून बघते.

ठोके रोज यायचे, आणि रोज थोडे कमी व्हायचे. आई म्हणायची, दमून राहिला गं त्यो, उत्तर दे. आणि मी तिच्या हातातून बत्ता काढून घ्यायचे. कारण त्याने स्वतः सांगितलं होतं, उत्तर देऊ नका. उत्तर दिलं तर माणूस दाराशी बसून राहतो आणि वर निघायची वाट सोडतो. खाली अशी काही वाट असेल तर? मी उत्तर दिल्यामुळे तो ती सोडून इथे, माझ्या फरशीखाली, वाट बघत बसला तर? आणि उत्तर दिलं नाही तर आबांसारखं. एकीकडे त्याच्या बोटीचा नियम, एकीकडे आमच्या किल्लारीचा. मी वर्गात फळ्यापुढे उभी असायचे आणि पोरं विचारायची, मॅडम, पुढं काय?

परवाच्या दुपारी तिसरा ठोका आलाच नाही. दोनच आले, आणि तेही पुसट. आई माझ्याकडे बघत होती. तेच मला सहन झालं नाही. मी बत्ता घेतला, गुडघ्यावर बसले आणि ठोकलं. दोन लगेच आणि एक उशिरा. हात दुखेपर्यंत ठोकत राहिले. "धम्मा, मी हाय रे इथं, मी ताई," असं मोठ्याने म्हणत होते, आणि सातवीला विज्ञान शिकवणाऱ्या बाईला त्याची लाज वाटली नाही.

खालून काहीच आलं नाही. कान लावला, तर नुसती गार फरशी. आई म्हणाली, "ऐकू गेलं आसंल," आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिथेच गाढ झोपली. घरात आम्ही दोघीच होतो. हे मी कुणाला सांगितलं नाही, शरणप्पालाही नाही. तुम्हालाच आता सांगते आहे.

काल सकाळी मनिषाचा फोन आला. तिच्या आवाजात काळजी नव्हती, नेहमीसारखीच घाईत होती. म्हणाली, हे पहाटे बोटीवर गेले, किती दिवसांसाठी ते नेहमीप्रमाणे सांगितलं नाही, पण या वेळी हसत गेले. मग म्हणाली, "ताई, निघताना तुम्हाला एक निरोप दिलाय. मला काही कळला नाही, पण तसाच सांग म्हणाले."

मी विचारलं, काय.

"म्हणाले, अक्काला सांग... उत्तर मिळालं."

बोट कालपासून पाण्याखाली आहे. आमच्या फरशीखालून परवापासून आवाज नाही. आई म्हणते, पुन्हा ठोक. पण माझं उत्तर खालच्या धम्माला पोचलं, की त्याच्या अंगात गेलेल्याला, हे मला ठाऊक नाही. मी बत्ता शरणप्पाच्या घरी नेऊन ठेवला आहे.